नोंद घेणे आणि नोंद ठेवणे : पोलीस अभिलेखातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाची चिकित्सा

१

फौजदारी न्यायव्यवस्थेत व्यक्तीविषयीची माहिती शासनाच्या हाती येते आणि राहते ती दोन वेगळ्या क्रियांमुळे. पहिली क्रिया माहिती घेण्याची व दुसरी ती ठेवण्याची. अटक झालेल्या इसमाच्या बोटांचे ठसे घेणे, त्याचे छायाचित्र काढणे, त्याच्या रक्ताचा नमुना घेणे ही पहिली क्रिया काही मिनिटांत संपते. या सर्वांची नोंद जपून ठेवणे ही दुसरी क्रिया खटला संपल्यावरही, कित्येकदा त्या इसमाचे आयुष्य संपेपर्यंत चालू राहते. पहिल्या क्रियेत बळाचा वापर उघड दिसतो. म्हणून तिच्याविषयी वाद लवकर उत्पन्न होतो व तो न्यायालयापर्यंत पोहोचतो. दुसरी क्रिया दप्तरात घडते. ज्याची नोंद असते त्याला ती दिसत नाही, आणि पुष्कळदा ती आहे हेही त्यास ठाऊक नसते.

भारतीय कायद्याने व न्यायालयांनी गेल्या शंभर वर्षांत पहिल्या क्रियेचा विचार बराच केला आहे. दुसऱ्या क्रियेचा विचार मात्र तुटपुंजा राहिला आहे. १९२० चा कैदी ओळख अधिनियम रद्द करून त्याच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ हा या उणिवेचा सर्वांत ठळक पुरावा होय. या नव्या अधिनियमावर झालेली टीका मुख्यतः कोणते नमुने घेता येतील, कोणाकडून घेता येतील व किती सक्तीने घेता येतील, या प्रश्नांभोवती फिरत राहिली. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि दोन्ही अधिनियमांची शब्दरचना शेजारी ठेवून वाचली असता असे दिसून येते की, खरा बदल नोंद ठेवण्याच्या व नष्ट करण्याच्या तरतुदींत झाला आहे, आणि व्यक्तीचे अधिक नुकसान तेथेच संभवते. हा मुद्दा सिद्ध करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

या विषयाचा इतिहास भारताबाहेर शोधावा लागत नाही. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करून त्यांवरून गुन्हेगार ओळखण्याचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणपद्धतीच्या घडणीत अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. ठसे घेण्याचे तंत्र सोपे होते. हजारो ठशांतून हवा तो ठसा काढता येईल अशा रीतीने ते लावून ठेवणे हे या कार्यालयाचे खरे कर्तृत्व. म्हणजे या शास्त्राचा पायाच मुळी ठेवण्याच्या क्रियेवर उभा आहे.

पण त्याही पूर्वी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, नोंदवहीचा एक निराळाच उपयोग रूढ केला होता. शासनाने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित केली की तिच्या घटकांची नावे नोंदवहीत येत. नोंदीसाठी त्या व्यक्तीने काही कृत्य करण्याची आवश्यकता नव्हती. जन्म पुरेसा होता. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात आणि अर्थातच मुंबई इलाख्यात लागू करण्याचा मार्ग खुला झाला. सोलापूर, विजापूर, हुबळी येथील सेटलमेंटी त्यानंतरच्या.

१९२४ च्या एकत्रित कायद्यातील नोंदवहीविषयक कलमे आजच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावीत अशी आहेत. कलम ५ अन्वये जिल्हा दंडाधिकारी जमातीच्या घटकांना ठरलेल्या ठिकाणी हजर राहण्यास, माहिती देण्यास व बोटांचे ठसे देण्यास फर्मावीत असे. कलम ६ प्रमाणे ही नोंदवही पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात राही. कलम ९ नुसार नोंद झालेल्या कोणाचेही ठसे केव्हाही घेता येत. आणि कलम ८ मध्ये, या नोंदीमुळे आपणावर अन्याय झाला असे ज्यास वाटेल त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करावी, अशी तरतूद होती. एवढ्या कठोर कायद्यातही दुरुस्ती मागण्याचा हक्क कागदावर होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. पण ज्याच्या आज्ञेने नोंदवही तयार होई त्याच्यापुढेच ती चुकीची असल्याचे दाखवावयाचे होते. शिवाय नोंदीचे कारणच जन्म असल्यामुळे चूक दाखविण्यास जागा अशी ती किती उरणार? तक्रारीचा हक्क असणे आणि तक्रार ऐकणारा त्रयस्थ असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा धडा या कलमावरून मिळतो.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला. पुढे मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा स्वतंत्र अधिनियम केला. त्याचा रोख जमातीऐवजी व्यक्तीवर होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु कायदा रद्द झाल्याने दप्तर रद्द होत नाही आणि दप्तर वाचून तयार झालेली दृष्टीही बदलत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या ग्रंथाची चर्चा बहुधा दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या संदर्भात होते. पण फौजदारी न्यायाच्या अभ्यासकासही तो एक साक्षीपुरावा म्हणून वाचता येतो. त्यात आलेला काळ बराचसा कायदा रद्द झाल्यानंतरचा आहे, आणि तरीही पोलिसांच्या झडत्या, मारहाण व संशय ही त्या कुटुंबाच्या नित्य जीवनाची अंगे आहेत. ज्या नोंदीला कायद्याचा आधार उरला नाही ती नोंदही आपले काम करीत राहते, हे तेथे कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्टपणे कळते.

३

कैदी ओळख अधिनियम, १९२० हा परकीय सत्तेने केलेला कायदा. पोलीस व तुरुंग खाते जे ठसे व छायाचित्रे आधीपासूनच घेत होते त्याला कायदेशीर अधिकार मिळवून देणे हा त्याचा हेतू. तरीही त्याच्या रचनेत एक प्रकारचा संकोच आढळतो. 'माप' या संज्ञेत बोटांचे व पावलांचे ठसे एवढ्याच गोष्टी येत. छायाचित्राचा निर्देश वेगळा होता. शिक्षा न झालेल्या इसमाचे माप घ्यावयाचे तर एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात त्याला अटक झालेली असणे आवश्यक होते. कलम ५ खाली दंडाधिकाऱ्याला तपासासाठी कोणाचेही माप घेण्याचा आदेश देता येई. पण त्या तपासाच्या संबंधात त्या व्यक्तीस केव्हातरी अटक झालेली असली पाहिजे, अशी अट होती.

या अधिनियमातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले कलम सातवे होय. पूर्वी एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात शिक्षा न झालेला इसम खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला अथवा निर्दोष ठरला, तर त्याची सर्व मापे व सर्व छायाचित्रे, मूळ निगेटिव्ह आणि प्रती धरून, नष्ट करावीत किंवा त्याच्या स्वाधीन करावीत, असे हे कलम सांगते. न्यायालयाने, अथवा खटल्याविना सुटका झाली असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याने किंवा उपविभागीय अधिकाऱ्याने, लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला तरच अपवाद.

या कलमातील दोन तपशील ध्यानात घेण्याजोगे आहेत. मूळ नष्ट झाले आणि प्रत उरली तर नाश व्यर्थ आहे, हे ओळखून निगेटिव्ह व प्रती यांचा उल्लेख केलेला आहे. आणि नाशाला पर्याय म्हणून त्या वस्तू त्या इसमाच्या हाती देण्याचा मार्ग ठेवलेला आहे. ज्याची माहिती आहे त्याच्याच स्वाधीन ती केली म्हणजे ती खरोखर दप्तरातून गेली याची खात्री त्याला स्वतःला होते. या कलमाचे पालन सर्वत्र झाले असे मानण्याचे कारण नाही. परंतु पालनाचा प्रश्न आणि तरतुदीचा प्रश्न भिन्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचे व शासनाचे नाते काय असावे याविषयी १९२० च्या मसुदाकाराने एक निश्चित कल्पना मनाशी धरलेली होती, आणि ती त्या नात्याच्या समाप्तीची होती.

४

२०२२ चा अधिनियम ४ एप्रिल रोजी लोकसभेत व ६ एप्रिल रोजी राज्यसभेत संमत झाला आणि ४ ऑगस्ट २०२२ पासून अंमलात आला. त्यातील 'माप' या संज्ञेत बोटांचे, तळहातांचे व पावलांचे ठसे, छायाचित्रे, बुबुळ व दृष्टिपटल यांचे आलेख, शारीरिक व जैविक नमुने आणि त्यांचे पृथक्करण, स्वाक्षरी व हस्ताक्षर यांसारखी वर्तनविषयक लक्षणे अशा सर्वांचा समावेश होतो. कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेला, कोणत्याही गुन्ह्यात अटक झालेला, प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेला, अशा प्रत्येकाचे माप घेता येते. जैविक नमुन्यांच्या बाबतीत मात्र एक परंतुक आहे : स्त्री वा बालक यांच्याविरुद्धचा गुन्हा अथवा सात वर्षांहून कमी नसलेल्या कारावासाचा गुन्हा वगळता इतर गुन्ह्यांत अटक झालेल्यावर ते देण्याची सक्ती नाही. ठाणे अंमलदार व तपास अधिकारी वगळता पूर्वी उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास हा अधिकार नव्हता. आता तो हवालदाराच्या दर्जापर्यंत आला आहे.

हा सर्व विस्तार घेण्याच्या क्रियेचा झाला. ठेवण्याची क्रिया कलम ४ मध्ये आहे. त्यानुसार राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोने, १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेने, सर्व राज्यांतून मापे गोळा करावयाची, साठवावयाची, गुन्हेविषयक इतर अभिलेखांशी जुळवून पाहावयाची आणि कोणत्याही कायदा-अंमलबजावणी यंत्रणेस पुरवावयाची आहेत. ही नोंद घेतल्या दिवसापासून पंचाहत्तर वर्षे ठेवावयाची आहे. विसाव्या वर्षी अटक झालेल्या तरुणाची नोंद तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत राहील. म्हणजे ही मुदत नावाची मुदत आहे. व्यवहारात ती आजन्म नोंदच होय. या पंचाहत्तर वर्षांत ती नोंद अद्याप आवश्यक आहे काय, हे अधूनमधून तपासण्याचे बंधन अधिनियम कोणावरही घालीत नाही. क्षुल्लक मारामारीचा आरोपी आणि दरोडेखोर, दोघांची मुदत एकच.

निर्दोष सुटलेल्यांसाठी कलम ४(२) ला परंतुक आहे, आणि त्यावर बोट ठेवून जुन्या कलम ७ चे संरक्षण कायम असल्याचे सांगण्यात येते. पण शब्द तपासून पाहता हे म्हणणे टिकत नाही. चार फरक नोंदविले पाहिजेत.

पहिला फरक पूर्वीच्या शिक्षेविषयीचा. १९२० मध्ये पूर्वी एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेलाच या संरक्षणास मुकत असे. २०२२ मध्ये कोणत्याही मुदतीच्या कारावासास पात्र अशा गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली असली की संरक्षण संपते. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ यातही कारावासाची तरतूद आहे. जुगाराच्या अड्ड्यावर सापडून एकदा दंड भरलेला मनुष्य पुढे एखाद्या सर्वस्वी भिन्न गुन्ह्यात निर्दोष ठरला, तरी त्याची मापे नष्ट करून घेण्याचा मार्ग त्याला उरत नाही.

दुसरा फरक वेळेचा. नव्या परंतुकात सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर नाश व्हावा, असे म्हटले आहे. निर्दोषत्वाच्या निर्णयाविरुद्ध शासनाने अपील केल्यास ते निकालात निघेपर्यंत नोंद राहणार, हे समजण्यासारखे आहे. पण उपाय संपले हे कोणी ठरवावयाचे व ब्यूरोला कोणी कळवावयाचे, याविषयी अधिनियम मौन पाळतो. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी ही पोकळी भरली ती अशी : नाशासाठी विनंती नोडल अधिकाऱ्याकडे करावयाची, आणि त्याने ती नोंद अन्य कोणत्याही गुन्हे प्रकरणाशी जोडलेली नाही याची खातरजमा करून ब्यूरोकडे शिफारस करावयाची. म्हणजे जुन्या कलमात जे शासनाचे कर्तव्य होते ते आता सुटलेल्या माणसाच्या अर्जावर अवलंबून राहिले. आपली मापे कोठे आहेत हे ज्यास ठाऊक नाही, जो वकिलाचे शुल्क देऊन नुकताच मोकळा झाला आहे, तो हा अर्ज करील अशी अपेक्षा आहे.

तिसरा फरक व्यक्तींच्या वर्गाविषयीचा. नव्या कलम ५ खाली दंडाधिकारी तपासासाठी कोणत्याही व्यक्तीस माप देण्याचा आदेश देऊ शकतो. तिला अटक झालेली असावी ही जुनी अट गेली आहे. परंतु नाशाचे परंतुक मात्र खटल्याविना सुटलेला, आरोपमुक्त झालेला वा निर्दोष ठरलेला, एवढ्या तिघांचाच विचार करते. ज्याच्यावर कधी आरोपच नव्हता तो आरोपातून मुक्त कसा होणार? जुन्या अधिनियमात प्रवेशाची अट आणि निर्गमनाची अट एकमेकींस जुळत होत्या. नव्यात प्रवेशद्वार रुंद केले आणि बाहेर पडण्याचे दार होते तेवढेच ठेवले. परिणामी केवळ तपासाच्या सोयीसाठी ज्याचे माप घेतले त्या निरपराध माणसाची स्थिती निर्दोष सुटलेल्या आरोपीपेक्षाही कठीण झाली आहे.

चौथा फरक प्रतींचा. निगेटिव्ह व प्रती यांचा उल्लेख नव्या अधिनियमात नाही. व्यक्तीच्या स्वाधीन करण्याचा पर्यायही नाही. अभिलेखातून नाश करावा, एवढेच शब्द आहेत. छायाचित्राच्या दोन-चार प्रती निघत त्या काळी प्रतींची चिंता वाहिली गेली आणि एका क्षणात शेकडो ठिकाणी नोंद पाठविता येते त्या काळी ती सोडून देण्यात आली. ज्या यंत्रणांना ब्यूरोने नोंद पुरविली त्यांच्या दप्तरांतून ती काढून घेण्याचे स्पष्ट बंधन अधिनियमाने घातलेले नाही.

५

न्यायालयांनी ही उणीव कितपत भरून काढली? 'मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड' या १९६१ च्या प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षर देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) च्या अर्थाने स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय दिला. तो निर्णय घेण्याच्या क्रियेपुरता होता. ठेवण्याचा प्रश्न त्यात उपस्थितच झाला नव्हता. पण पुढील चर्चेत ठसे घेणे वैध ठरले म्हणजे ते ठेवणेही वैधच, असा समज हळूहळू रुजत गेला.

दुसऱ्याच वर्षी, १८ डिसेंबर १९६२ रोजी, खरक सिंग प्रकरणाचा निकाल लागला. या प्रकरणातील वस्तुस्थिती पुन्हा वाचण्याजोगी आहे. अर्जदारास १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि पुरावा नसल्यामुळे सोडून देण्यात आले. तेवढ्यावरून उत्तर प्रदेश पोलीस विनियमांखाली त्याची 'हिस्टरी शीट' उघडली गेली आणि तिच्या आधारे त्याच्यावर पाळत सुरू झाली; चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री घरी येऊन त्याला उठवीत. बहुमताने रात्रीच्या गृहभेटींचा खंड तेवढा अवैध ठरविला व पाळतीचे इतर खंड कायम केले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्या सहमतीने, पाळतीचा संपूर्ण विनियमच संविधानविरोधी मानला. दाराची कडी वाजणे बंद झाले. पण ज्या कागदामुळे ती वाजत होती तो कागद राहिला. पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाविषयी एकवीस वर्षे अभिलेख का ठेवावा, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न बहुमताच्या निर्णयात अनुत्तरित राहिला. १९८० च्या मलक सिंग प्रकरणात पाळतीच्या नोंदवहीत नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीस सूचना देण्याची गरज न्यायालयाने मानली नाही. मात्र पाळतीला वाजवी कारण हवे आणि ती आक्रमक होता कामा नये, अशा मर्यादा सांगितल्या.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला आणि खरक सिंग निर्णयातील विरुद्ध मताचा भाग रद्द केला. हस्तक्षेपास कायद्याचा आधार, रास्त हेतू व प्रमाणबद्धता हवी, हे निकष तेव्हापासून प्रस्थापित झाले. या निकषांवर पंचाहत्तर वर्षांची सरसकट मुदत पारखून पाहिल्यास प्रमाणबद्धतेच्या पायरीवरच ती अडखळते. कारण गुन्ह्याचे स्वरूप, व्यक्तीचे वय, खटल्याचा निकाल आणि लोटलेला काळ यांपैकी कशाचेही प्रमाण तीत धरलेले नाही.

या निर्णयाची फलश्रुती म्हणून आलेला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा आधार देईल अशी अपेक्षा होती. परंतु त्याच्या कलम १७(१) नुसार गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास वा खटला यांसाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीस तिसरे प्रकरण लागू होत नाही. आणि माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क नेमका त्याच प्रकरणात आहे. माहिती सुरक्षित राखण्याचे, म्हणजे ती चोरीस जाऊ न देण्याचे, कर्तव्य मात्र कायम ठेवले आहे. चोरापासून नोंदीचे रक्षण आहे. नोंदीपासून माणसाचे रक्षण नाही.

अलीकडील दोन निर्णय या पार्श्वभूमीवर आशादायक मानले पाहिजेत. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात हिस्टरी शीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज असल्याचे, त्यात अल्पवयीन नातलगांची माहिती सरसकट न घालण्याचे व वरिष्ठ अधिकाऱ्याने अशा नोंदींचे वेळोवेळी परीक्षण करण्याचे धोरण मान्य केले, आणि केवळ दुर्बल सामाजिक थरातून आल्यामुळे कोणाची यांत्रिकपणे नोंद होऊ नये म्हणून सर्व राज्यांना आपली धोरणे तपासण्यास सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतील कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना वगळण्याचा आदेश झाला व विमुक्त जातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावण्यात आले. नोंदीत काय असावे आणि ती कोणी तपासावी, हा विचार येथे प्रथमच स्पष्टपणे झाला. पण पहिल्या निर्णयातील परीक्षकही पोलीस अधिकारीच आहे. १९२४ च्या कलम ८ ची आठवण येथे व्हावी.

६

हाच प्रश्न युरोपात निराळ्या मार्गाने सोडविला गेला आहे. इंग्लंडमध्ये २००१ च्या दुरुस्तीमुळे निर्दोष सुटलेल्यांचे ठसे व डीएनए अनिश्चित काळ ठेवण्याची मुभा पोलिसांना मिळाली होती. २००१ मध्येच जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपातून निर्दोष सुटलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि ज्याच्यावरील खटला काढून घेण्यात आला तो एक प्रौढ, अशा दोघांनी त्यास आव्हान दिले. ४ डिसेंबर २००८ रोजी स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने हे सरसकट जतन खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारे ठरविले. न्यायालयाने गुन्हेशोधनातील या नोंदींचा उपयोग नाकारला नाही. त्याचा मुख्य मुद्दा असा होता की, ज्यांस शिक्षा झाली नाही त्यांना शिक्षा झालेल्यांच्याच पंक्तीत ठेवल्याने त्यांच्या निर्दोषत्वावर कलंक येतो, आणि अल्पवयीनांच्या बाबतीत हा अपाय अधिक गंभीर असतो. त्यानंतर २०१२ चा कायदा झाला व सतरा लाखांहून अधिक डीएनए आलेख राष्ट्रीय संग्रहातून काढून टाकण्यात आले. एवढ्या मोठ्या प्रमाणावरील नाश प्रशासनास अशक्य आहे, या आक्षेपाचे उत्तर या आकड्यात आहे.

युरोपीय संघाच्या २७ एप्रिल २०१६ च्या पोलीस व फौजदारी न्यायविषयक निर्देशाने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या अनुच्छेद ५ प्रमाणे माहिती पुसण्याच्या किंवा तिची गरज नियतकालिकपणे तपासण्याच्या मुदती घालून देणे आवश्यक आहे. अनुच्छेद ६ संशयित, शिक्षा झालेले, गुन्ह्याचे बळी व साक्षीदार यांची माहिती शक्य तेथवर वेगळी ओळखता यावी असे सांगतो. अनुच्छेद ७ वस्तुस्थितीवर आधारलेली माहिती आणि अधिकाऱ्याचे वैयक्तिक मत यांत भेद करावयास लावतो. ३० जानेवारी २०२४ रोजी संघाच्या न्यायालयाने बल्गेरियातील एका प्रकरणात, शिक्षा झालेल्या माणसाचीही जैविक माहिती तिच्या गरजेची अधूनमधून तपासणी न करता मृत्यूपर्यंत ठेवणे या निर्देशाशी विसंगत ठरविले. तो मनुष्य खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला होता व पुढे कायद्याने त्याचे पुनर्वसनही झाले होते.

युरोपातील सर्व पोलीस दले या तत्त्वांचे काटेकोर पालन करतात, असा याचा अर्थ नाही. तेथील कायद्याने ठेवण्याची क्रिया स्वतंत्र समर्थनाची अपेक्षा बाळगणारी मानली, हा मुद्दा तुलनेस पुरेसा आहे.

७

भारतीय अधिनियमाच्या बाजूने केले जाणारे प्रतिपादन दुर्लक्षणीय नाही. गुन्हेगार एका राज्यातून दुसऱ्यात जातात. राज्याराज्यांची दप्तरे एकमेकांस अपरिचित राहिल्याने अनेक गुन्हे अनिर्णित राहतात. जुने ठसे जुळल्यामुळे खरा गुन्हेगार सापडतो, तसाच चुकीने पकडलेला इसम सुटतोही. गुन्ह्याच्या बळींनाही हक्क आहेत. ही सर्व कारणे केंद्रीय संग्रह असावा यास पुष्टी देतात. परंतु त्यांतील एकही कारण निर्दोष ठरलेल्याने अर्ज केल्याशिवाय त्याची नोंद जाऊ नये, साक्षीदाराच्या नोंदीस बाहेर पडण्याचा मार्ग नसावा, अथवा पंचाहत्तर वर्षांत एकदाही कोणी ती तपासू नये, या गोष्टींचे समर्थन करीत नाही. घेण्याच्या समर्थनावर ठेवण्याचे समर्थन उभे करण्याची चूक येथे होते. संग्रह जितका मोठा तितका तो उपयुक्त, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. कारण ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नाही अशांच्या नोंदी वाढल्या म्हणजे संशयाचे क्षेत्र वाढते, आणि भारतात ते कोणत्या समाजगटांकडे प्रथम वाढते हे गुन्हेगार जमाती कायद्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

यावरून दुरुस्तीची दिशा स्पष्ट होते. निर्दोष सुटकेच्या आदेशातच मापांच्या नाशाचा आदेश अंतर्भूत असावा आणि तो न्यायालयाने थेट ब्यूरोस कळवावा. अर्जाची अट असू नये. पूर्वीच्या शिक्षेविषयीची १९२० ची मर्यादा पुन्हा आणावी. आरोपी नसलेल्या व्यक्तीचे माप तो तपास संपताच नष्ट व्हावे. शिक्षा झालेल्यांच्या नोंदीस गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार निरनिराळ्या मुदती असाव्यात व ठराविक वर्षांनी त्यांची तपासणी व्हावी. नोंद ज्या ज्या यंत्रणेस दिली तेथूनही ती काढल्याचा लेखी दाखला त्या व्यक्तीस मिळावा. आणि ही तपासणी पोलीस खात्याबाहेरील अधिकाऱ्याकडे असावी.

या सूचनांपैकी निम्म्या तरी नव्या नाहीत. १९२० च्या कलम ७ मध्ये त्या बीजरूपाने होत्याच. परकीय सत्तेने आपल्या प्रजाजनास, निदान कागदावर, जे परत देण्याचे कबूल केले होते ते आज नागरिकास अर्ज करून मागावे लागते. २०२२ च्या अधिनियमाची चिकित्सा करताना त्याने काय नव्याने घेतले याबरोबरच त्याने काय सोडून दिले याचीही मोजदाद झाली पाहिजे, आणि पुढील संशोधनाने कलम ४ च्या परंतुकाखाली प्रत्यक्षात किती नोंदी नष्ट होतात याचा पाठपुरावा राज्यवार केला पाहिजे.